तेरानंतर सोळा

व्हॅनचं मागचं दार वर उचललं आणि मी नाकाला पदर लावून तीन पावलं मागं सरले.

मे महिना, सांगलीचं ऊन आणि मंगळवारपासून बंद असलेली गाडी. आत मोठं पातेलं भरून मटकीची उसळ होती, ताकाची किटली होती आणि धोतराच्या फडक्यात बांधलेल्या शंभरेक भाकरी होत्या. उसळ फसफसून झाकणाबाहेर आली होती, पत्र्यावरून ओघळून सीटखाली जाऊन वाळली होती. भाकरींवर हिरवी-काळी लव. माश्यांचं तर विचारूच नका.

"काय मेलंय काय आत?" यार्डाचा वॉचमन आण्णाप्पा लांबूनच म्हणाला.

"मेलं नाही. जेवण आहे."

"जेवान असला वास मारतंय?"

"तीन दिवस असं पत्र्यात डांबलं तर तुम्हीसुद्धा माराल."

तो हसला, पण जवळ काही आला नाही. साहेबांचा निरोप त्यानंच आणला होता. चार वाजता पार्टी गाडी बघायला येणार, तोवर आतलं सगळं ओढ्यात टाकायचं, फिनेल मारायचं आणि उदबत्ती लावायची. उदबत्तीची आठवण करून द्यायला साहेब कधी विसरायचे नाहीत.

ही सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका फायनान्स कंपनीच्या ऑफिसात होते. आमचा धंदा सोपा होता. ज्याची स्वतःची गाडी आहे त्याला त्या गाडीवर कर्ज द्यायचं. गाडी त्याच्याच दारात राहायची, आरसी बुकावर आमचा बोजा चढायचा, आणि गाडीची दुसरी किल्ली आमच्या कपाटात लटकायची. हप्ते थकले की त्याच किल्लीनं गाडी उचलून आणायची. ऑफिसच्या मागं पत्र्याच्या कुंपणाआड यार्ड होतं. तिथं रिक्षा, टेम्पो, जीपा उन्हात रंग सोडत उभ्या असायच्या.

मी शिकलेली आठवी. लागले होते झाडलोट आणि चहाला. अक्षर चांगलं म्हणून लिफाफ्यांवर पत्ते लिहायला बसवलं, मग फायली, मग सह्या. सह्या घेणं हे माझं खातं. एका कर्जाला एकोणीस सह्या. कागद सगळे इंग्रजीत आणि अक्षर मुंगीएवढं. एकदा एका गिऱ्हाइकाची एक सही राहिली, तर साहेबांनी मला एसटीनं जतला धाडलं होतं, माझ्या खर्चानं. तेव्हापासून मी आधीच पेन्सिलीनं प्रत्येक सहीच्या जागी एक बारीक फुली मारून ठेवायची आणि फुलीच्या पोटात आकडा घालायची. एक, दोन, तीन... एकोणीस. आकडे माझ्यासाठी. शेवटी मोजले की झालं. गिऱ्हाइकालाही बरं पडायचं.

आक्काताई मगदूमला तर फारच बरं पडलं होतं.

ही व्हॅन तिची. पन्नाशीची बाई, नवरा गेलेला. कुपवाडच्या कारखान्यांच्या गेटावर रोज दुपारी व्हॅन लावायची आणि कामगारांना उसळ-भाकरी वाढायची. गाडी चालवायला ती चाळिशीनंतर शिकली. लेकीच्या बाळंतपणात अचानक ऑपरेशन निघालं म्हणून ती आमच्याकडं आली. बोटाला पीठ तसंच होतं.

"एवढ्या सह्या?" ती म्हणाली. "माझ्या लग्नात एवढ्या अक्षता पडल्या न्हाईत."

"फुली दिसेल तिथं करत जा, आक्काताई."

"बरं झालं फुल्या काढल्यास. न्हाईतर साहेबाच्या शर्टावर केली असती." मग तिनं मध्येच पेन थांबवलं. "ह्यात लिवलंय काय पर?"

"नेहमीचे कागद आहेत," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि पुढची सही केली.

ते नेहमीचेच होते. खोटं कुठं होतं? फक्त ते कशाचे होते हे मला ठाऊक होतं. रद्दीत एक इंग्रजी-मराठी कोश मिळाला होता, पुठ्ठा नसलेला. दुपारी डबा खाऊन झाला की मी एकेक कागद कोशाशी लावून बघायची. दोन वर्षं लागली, पण एकोणीसच्या एकोणीस कागद मी वाचले. चौदाव्यात लिहिलं होतं, हप्ते फेडणं जमत नसल्यानं मी आजच्या तारखेला माझी गाडी राजीखुशीनं कंपनीच्या ताब्यात देत आहे. तारखेची जागा कोरी. पंधरावा म्हणजे गाडीतल्या सामानाची यादी, खाली ‘यादी बरोबर आहे’ म्हणून सही. यादीची जागाही कोरी. दोन्ही सह्या कर्ज घ्यायच्या दिवशीच. वाचलं तेव्हा मला कसंसंच झालं होतं. मग मी स्वतःला सांगितलं, हापिसात असंच असतं. पगार महिन्याच्या सात तारखेला व्हायचा.

कर्ज झाल्यापासून आक्काताई मला रोज डबा द्यायची. माझाच डबा, पितळी कडीचा, झाकणाला पोचा आलेला. सकाळी रिकामा न्यायची, कारखाने उरकले की दोन वाजता भरून आणायची. पैसे धरले तर म्हणायची, "गप खा. तुझ्या फुल्यांचं हाय ते."

सव्वा वर्ष हप्ते वेळेवर आले. मग एप्रिलचा चुकला. मे उजाडल्यावर सोमवारी ती स्वतः येऊन साहेबांना भेटली. मी समोरच होते.

"लेकीला परत दवाखान्यात न्यावं लागलं, साहेब. पंधरा तारखेला दोन्ही हप्ते भरते."

"मावशी, तुम्ही आपल्याच आहात," सावर्डेकर साहेब म्हणाले. गोड माणूस. गिऱ्हाइकाला कधी अरेतुरे केलं नाही. "पंधराला भरा. निवांत जा."

ती निवांत गेली. संध्याकाळी साहेबांनी मला तिची दुसरी किल्ली मागितली. कपाटातल्या सगळ्या किल्ल्यांना ज्याचं त्याचं काहीतरी असायचं, कुणाचा देव, कुणाच्या बाळाचा इवला बूट. तिच्या किल्लीला खणाचा तुकडा बांधला होता. मी ती काढून टेबलावर ठेवली.

मंगळवारी माझा डबा आला नाही. अडीच वाजता मी चिडून वडापाव खाल्ला.

तीन वाजता व्हॅन यार्डात शिरली, आणि पाच वाजता आक्काताई रिक्षानं आली. पदर खांद्यावरून सुटलेला, हातात नुसता डाव.

"गेटाच्या आत हंडा न्यायला गेले," ती म्हणाली, "भायेर आले तर गाडी न्हाई. मानसं रांगेत हुबी, हातात ताटं. मला वाटलं चोरीला गेली. साहेब, तुमी पंधरा तारीख दिल्ती की."

"मॅडम," साहेब म्हणाले. काल मावशी होती, आज मॅडम. "तुम्ही स्वतः गाडी जमा केली आहे. हे तुमचं पत्र. आजची तारीख, तुमची सही."

तिनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "सही माझीच हाय."

"मग?"

"पर मी कवा केली?"

"आता ते मी कसं सांगू?"

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर बघितलं नाही, आणि बघायचंही नाही. राग नव्हता तो. डोकं फिरलंय की काय आपलं, अशी ती बघत होती. सासू म्हातारपणी भ्रमिष्ट झाली होती तिची, मला सांगितलं होतं एकदा.

"बरं, गाडी ऱ्हाऊ दे," ती हळू आवाजात म्हणाली. "भांडी तरी द्या. उसळ हाय आत, भाकरी हाईत. नासून जातील. लोकांचं जेवान हाय ते."

साहेबांनी दुसरा कागद सरकवला. "यादीत भांडी नाहीत, मॅडम. काहीच नाही. ‘निरंक’ लिहिलंय. खाली सही तुमचीच."

ती माझ्याकडं वळली. "शालन, तू सांग की गं. तू हुतीस न्हवं?"

मी दोन्ही कागद उचलले, फाईलमध्ये लावले आणि फाईल कपाटात ठेवली. कपाटाला किल्ली लावली. वळले तेव्हा ती गेली होती. डाव टेबलावर राहिला होता.

तर शुक्रवारी मी त्या घाणीत हात घातला. भाकरींचं गाठोडं उचललं तर खालून ओलं, बोटं आत गेली. ताकाची किटली उघडल्यावर ओकारी आली, कुंपणाला धरून ओकले. आण्णाप्पानं लांबून पाण्याचा पाईप फेकला. पातेलं ओढलं, परात ओढली, तांबे, ओगराळी, ताटांची चवड. सगळ्यात मागं, ड्रायव्हरच्या सीटमागं, पिशवीत नीट बसवलेला, सांडू नये म्हणून चारी बाजूंनी फडकं खोचलेला एक डबा होता. पितळी कडी. झाकणाला पोचा.

तो मी उघडला नाही. पिशवीसकट बाजूला काढून ठेवला.

तेवढ्यात ऑफिसच्या खिडकीतून साहेबांचा फोनवरचा आवाज आला. "चारला या ना. शनिवारी म्हणालो नव्हतो, पुढच्या आठवड्यात एक मारुती येतेय म्हणून? बाईमाणसाच्या हातची गाडी, एकदम जपलेली."

शनिवार. आक्काताई पंधरा तारीख मागायला आली ती त्यानंतरच्या सोमवारी. गाडीला गिऱ्हाईक आधी मिळालं होतं, उचलायची नंतर ठरली. शनिवारचा तो फोनही मी ऐकला होता. चहा देत होते तेव्हा. मला वाटलं, लिलावाचं काही असेल.

पदर खोचला.

मी सगळी भांडी राख लावून घासली. मग कोरा कागद घेऊन यादी केली. पातेलं मोठं एक, परात एक, किटली एक, तांबे-ओगराळी, ताटं बेचाळीस. ती नेऊन साहेबांसमोर ठेवली.

"हे काय?"

"गाडीतलं सामान."

"यादी आहे की आपल्याकडं, शालनताई."

"त्यात निरंक आहे. गाडीत तर एवढं होतं."

त्यांनी माझा कागद अगदी नीट, चार घड्या घालून फाडला. "नव्हतं काही. ओढ्यात टाका आणि उदबत्ती लावा."

"म्हणजे गाडीत भांडी नव्हतीच?"

"नव्हती."

"बरं," मी म्हणाले.

बाहेर येऊन रिक्षा थांबवली आणि एकेक भांडं तिच्यात चढवलं. आण्णाप्पा धावत आला. "ओ ताई, कुठं न्हेताय? साहेब चोरी म्हनतील."

"कशाची? यादीत बघा की. गाडीत काही नव्हतंच. जे नव्हतं ते मी नेतेय."

त्यानं डोकं खाजवलं, ऑफिसकडं बघितलं आणि मग परात उचलून रिक्षात ठेवायला स्वतःच हात लावला.

वाटेत दुकानातून शेरभर तांदूळ घेऊन पातेल्यात टाकले. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये असं आमच्यात म्हणतात. आक्काताई दारातच बसली होती. तिनं भांडी मोजली नाहीत. पातेल्याचं झाकण उचललं, तांदूळ बघितले.

"हे कशाला?"

"रिकामं कसं द्यायचं?"

ती आत गेली, सूप घेऊन आली, सगळे तांदूळ त्यात ओतले आणि सूप माझ्या पुढ्यात धरलं. "पदर कर."

मी पदर केला. तिनं तांदूळ ओतले, दाणा न सांडता.

"आक्काताई, तू वेडी झालेली नाहीस," मी म्हणाले. "त्या सह्या कर्जाच्या दिवशीच्या. माझी फुली आहे त्यांच्याखाली. मी सांगेन कुठंही."

"तुला ठावं हुतं?"

"हो."

"कवापास्नं?"

"तू सह्या केल्यास त्याच्याही आधीपासून."

"मंगळवारी का न्हाई बोललीस?"

तिनं दार लावलं. मी पदरात शेरभर तांदूळ घेऊन चालत घरी आले. सोमवारपासून कामावर गेले नाही.

पण माझं बोलणं तिनं वाया घालवलं नाही. आमच्या भागात उपाध्ये मास्तर म्हणून एक निवृत्त शिक्षक होते. फसलेल्या गिऱ्हाइकांचे अर्ज ते फुकट लिहून द्यायचे. आक्काताई त्यांच्याकडं गेली, मास्तर माझ्याकडं आले. ग्राहक मंचात तक्रार झाली. पहिल्याच तारखेला गाडी विकायची नाही असा हुकूम निघाला. पार्टीला उदबत्तीचा वास आवडला नव्हता म्हणे, म्हणून गाडी अजून जागेवर होती. मी प्रतिज्ञापत्र दिलं, की पत्र आणि यादी ह्यांवरच्या सह्यांखाली माझ्या हातची पेन्सिलीची फुली आहे, सही कर्जाच्या दिवशीच घेतलेली आहे. त्याची प्रत कंपनीच्या वकिलाला गेली. जायचीच, नियम आहे तसा. म्हणजे काय पुसायचं ते त्यांना मीच लिहून कळवलं.

सुनावणीला मूळ कागद आले. अध्यक्षबाईंनी पत्र उजेडाला धरलं, मग यादी धरली. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"फुली कुठं आहे?"

मी पुढं जाऊन पाहिलं. नव्हती. सहीच्या जाड रेघांभोवतीचा कागद जरासा खरबरीत होता, एवढंच. रबर चांगलं वापरलं होतं, साहेबांचं सगळं काम तसं नीटस.

कंपनीचा वकील उठला. "मॅडम, साक्षीदार बाईंना कामावरून काढलेलं आहे. त्याचा राग आहे. आठवी शिकलेल्या बाई इंग्रजी कागद वाचल्याचं सांगतात, ह्यावरूनच काय ते समजावं."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. आक्काताई माझ्याकडं बघत नव्हती, स्वतःच्या हातांकडं बघत होती. पुन्हा तेच आलं होतं तिच्या चेहऱ्यावर. मंगळवारचं.

"बाई," मी अध्यक्षबाईंना म्हणाले, "बाकीचे कागद बघू का? कर्जाचे?"

"त्यांवर वाद नाही," वकील म्हणाला.

"वाद नाही तर बघू द्या," अध्यक्षबाई म्हणाल्या.

फाईल माझ्यासमोर आली. मी पानं उलटत गेले. कर्जाच्या अर्जावर सहीखाली फुली. त्यांनी त्याला हातही लावला नव्हता. कशाला लावतील? ते कागद खरेच होते. फुलीच्या पोटात मुंगीएवढा आकडा. एक. पुढच्यावर दोन. मी मोठ्यानं वाचायला लागले. अध्यक्षबाईंनी भिंग मागवलं आणि माझ्याबरोबर बघायला लागल्या.

"अकरा. बारा. तेरा." मी पान उलटलं. "सोळा."

मी पुढं वाचलं. "सतरा. अठरा. एकोणीस. संपले."

"चौदा आणि पंधरा कुठं आहेत?" अध्यक्षबाईंनी वकिलाला विचारलं.

वकिलानं सावर्डेकर साहेबांकडं पाहिलं. साहेब रुमालानं मानेचा घाम पुसत होते.

"बाई, सगळे कागद इथंच आहेत," मी म्हणाले. "सतरा हे, आणि दोन ते. रबर मारलेले."

अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "सहीच्या जागी लोक बरोबरची खूण करतात. तुम्ही फुली का मारायचात?"

"आधी मी माधवनगरला कापड तपासायला होते, बाई. धागा तुटला, गाठ आली, की तिथं खडूनं फुली मारायची. तीच खूण येत होती मला."

"म्हणजे फुलीचा अर्थ काय?"

"इथं खोट आहे."

पावसाळा संपता संपता निकाल लागला. गाडी परत, वर भरपाई. आक्काताईनं थकलेले हप्ते त्याच आठवड्यात भरले. यार्डातून गाडी आणायला ती गेली तेव्हा मी गेले नाही. मास्तरांनी सांगितलं, तिनं चिंच आणि चुना लावून तीन दिवस आतला पत्रा घासला, तरी ऊन तापलं की वास येतोच म्हणे.

मी मास्तरांकडं शनिवारी बसायला लागले. कुणी गाडीवर कर्ज काढणार असलं की कागद घेऊन येतं. मी वाचते आणि फुल्या मारते. आता फुली असते तिथं सही करायची नसते.

दिवाळीनंतर एका दुपारी दारात हॉर्न वाजला. व्हॅन होती. आक्काताई उतरली नाही, काच खाली करून नुसता हात बाहेर काढला.

"डबा दे."

मी आत गेले. तो मी त्या शुक्रवारी घरी आणला होता. घरी आल्यावर झाकण उघडलं होतं, डोळे मिटून. आतलं परसात पुरलं, डबा राखेनं घासला, फळीवर उपडा घातला. वापरला मात्र कधी नाही. तो नेऊन तिच्या हातात दिला. तिनं झाकणाच्या पोच्यावरून अंगठा फिरवला.

"पैसं पडतील आता," ती म्हणाली.

"हो."

"रोजचं रोज."

"हो."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता डबा आला. मी पैसे दिले, तिनं मोजून घेतले आणि गाडी पुढं नेली. उंबऱ्यावर बसून मी कडी काढली. मटकीची उसळ, दोन भाकरी, चार फोडी लिंबाचं लोणचं. उसळ गरम होती, ताजी होती, वरून कोथिंबीर होती. आणि तरी वास आला. तोच. यार्डातला.

दोनदा पोटातून वर आलं. दोनदा पाणी प्याले. भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं डबा पुसून घेतला आणि सगळा संपवला.